चंदनबाईंचा न केलेला उपवास

चंदनबाई लुणियांना नणंद नव्हती. सासऱ्यांना तीन मुलगे होते, मुलगी एकही नाही. त्यामुळे जुन्या जालन्यातल्या त्या कापडवाल्या घरात सून म्हणून पाऊल टाकल्यापासून चंदनबाईंनी जे राज्य केलं, ते बिनविरोध. बरोबरीच्या बाया सुस्कारा टाकून म्हणायच्या, "तुमचं नशीब मोठं बाई, नणंदेचा ताप न्हाई." नशिबाने ही गोष्ट ध्यानात ठेवली असावी. चंदनबाईंना सदुसष्टावं लागलं आणि नणंद आली. आली तीही दारातून नाही, थेट पोटावर, बेंबीच्या डाव्या अंगाला, जराशी खाली.

झालं होतं असं. शौचातून रक्त जायचं, आणि चंदनबाई मूळव्याध समजून रोज संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आधी, दुधात तूप घालून प्यायच्या. वर्षभर तूप पिऊन झाल्यावर तपासणी केली तेव्हा गुदाशयाचा कॅन्सर निघाला. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं, की गाठ अगदी तोंडाशी आहे, तो भाग पूर्ण काढून ती जागा कायमची शिवावी लागेल, आणि आतड्याचं टोक पोटावर बाहेर आणून ठेवावं लागेल. त्याला स्टोमा म्हणतात. त्याच्यावर थैली चिकटवायची. जे यायचं ते थैलीत येईल.

चंदनबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "येईल म्हंजे, विचारून येईल का न विचारता?"

"न विचारता," डॉक्टर म्हणाले. "आवर घालणारा स्नायूच राहणार नाही ना. वारा पण आपोआप सुटेल. आवाज होईल कधी कधी."

"लोकांसमोर?"

"समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही, आजी."

किरणं झाली, ऑपरेशन झालं, औषधांचे फेरे झाले. रिपोर्ट साफ आले. चंदनबाई घरी आल्या त्या संध्याकाळी चार पाहुणे भेटायला जमले. सुनेने, रुचीने, चहा दिला. सगळ्यांनी कप उचलले, पहिला घोट घेताना होते तशी एक लहानशी शांतता झाली, आणि त्या शांततेत चंदनबाईंच्या पदराआडून कुणीतरी ओठ मिटून "पुर्रर्र" केलं. सुवालालजींनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, प्रसंग ओळखून ताबडतोब एक मोठा ढेकर दिला. ढेकर कुणालाच पटला नाही. पण पाहुणे भले होते, त्यांनी तो मानून घेतला.

पाहुणे गेल्यावर चंदनबाई पोटाकडे बघून म्हणाल्या, "ही माझी नणंद आली. बोलावलं न्हाई तरी बोलती, पाहुणे आले की जास्तच बोलती, आन् आता जन्मभर इथंच राहणार."

तेव्हापासून घरात तिचं नाव नणंदबाई. "नणंदबाईंचं झालं का?" "आज नणंदबाई गप्प दिसून राह्यल्या." मोठ्या घरात मानाच्या माणसाबद्दल बोलतात तसं बोलणं सुरू झालं. तिला मटकी चालत नाही, हरभऱ्याची उसळ चालत नाही, कोबीचं तर नावही काढायचं नाही. पापडाने तिच्या अंगात वारं भरतं म्हणून पापड घरातून हद्दपार झाला, आणि सुवालालजी तो दुकानात, गादीच्या मागे, गिऱ्हाईक नसताना खाऊ लागले.

सुवालालजींचा जन्म कापडात गेलेला. हॉस्पिटलात स्टोमाचं काम बघणाऱ्या साधना सिस्टरांनी पहिल्यांदा थैली हातात दिली, तेव्हा घरातल्या बाकीच्यांचा जीव घाबरा झाला होता. सुवालालजींनी मात्र थैलीची पाठची बाजू दोन बोटांत धरून चोळून पाहिली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "माल चांगलाय. अंगाला टोचणार न्हाई. रंग मात्र निव्वळ एकच ठेवलाय ह्यांनी." चंदनबाई त्या दिवशी ऑपरेशननंतर प्रथमच हसल्या, आणि टाके दुखले म्हणून लगेच त्यांच्यावर ओरडल्या.

एक हुकूम मात्र त्यांनी घरात पाय टाकतानाच सोडला होता. "गाठीचं ऑपरेशन झालं, एवढंच सांगायचं. थैलीचा शब्द ह्या उंबऱ्याच्या बाहेर गेला, तर त्याच्या मागं मी पण बाहेर गेले समजा."

मुलगा अंकित म्हणाला, "पण मम्मी, त्यात लपवण्यासारखं काय आहे?"

"तुझ्या पोटावर लाव, मंग सांगते."

एवढं लपवायचं कारण होतं स्थानक.

घरापासून दोन गल्ल्या सोडून जैन स्थानक. चाळीस-बेचाळीस वर्षं चंदनबाई रोज सकाळी तिथे सामायिकीला जात. आसन अंथरायचं, बोलण्याच्या वाफेने हवेतला बारीक जीवही दुखावू नये म्हणून तोंडाला मुहपत्ती बांधायची, आणि अठ्ठेचाळीस मिनिटं घरदार, दुकान, सून, मुलगा, सगळं बाजूला ठेवून शांत बसायचं. चंदनबाईंचं मन त्या वेळात खरोखर शांत व्हायचं. विहिरीतलं पाणी दुपारी कुणी शेंदत नाही तेव्हा होतं, तसं. आणि सामायिक झाली की मुहपत्ती सोडून सगळ्या बाया बाहेरच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं बसायच्या. कुणाच्या घरी सोयरीक आली, कुणाची सून माहेरी रुसली, कोणत्या दुकानात कोणता माल आला, हे सगळं तिथे कळायचं. आत्मा आत, बाकीचं जग पायऱ्यांवर, अशी सोय होती.

ऑपरेशननंतर ते दोन्ही गेलं. मागच्या खोलीत आसन टाकून त्या एकट्याच सामायिक करत. भिंत सगळं ऐकून घ्यायची, पण भिंतीकडे सांगण्यासारखं काहीच नसायचं.

चातुर्मास लागला. स्थानकात महासतीजी, म्हणजे साध्वी, चार महिन्यांसाठी मुक्कामाला आल्या. रोज प्रवचन सुरू झालं. एके दिवशी चंदनबाई रुचीला म्हणाल्या, "मला जायचंय गं."

"मग चला ना मम्मीजी. मी येते बरोबर."

"आन् ही बोलली तर? तोंडाला मुहपत्ती बांधता येती. ह्या दुसऱ्या तोंडाला काय बांधू?"

रुचीला हसू आलं, पण सासूच्या डोळ्यात पाणी होतं म्हणून तिने ते गिळलं. चंदनबाई हळूच म्हणाल्या, "आवाजाचं एक येळ सोड. मळाची थैली अंगाला लावून धर्माच्या जागी बसलेलं चालतं का न्हाई, मला ठाव न्हाई. विचारायचं म्हंजे सांगावं लागतं. आन् सांगितल्यावर कुणी न्हाई म्हणलं, तर मंग माझं स्थानक कायमचंच गेलं."

मग घरात रंगीत तालीम ठरली. दिवाणखान्यात आसन, आसनाखाली कापसाची मऊ उशी, कारण खालची शिवलेली जागा अजून बसू देत नव्हती. सुवालालजी मोबाईलवर वेळ लावून परीक्षकासारखे समोर बसले. पहिल्या दिवशी नणंदबाई अकराव्या मिनिटाला बोलल्या. दुसऱ्या दिवशी चौथ्या.

"काल काय खाल्लं होतं?" परीक्षकांनी विचारलं.

"पोहे."

"पोहे बंद."

मग उपमा बंद झाला, दूध बंद झालं. शेवटी चंदनबाईंनीच तोड काढली. सकाळी काही खायचंच नाही. आत माल नसला, तर आवाज कशाचा होणार? सुवालालजींना हा हिशेब व्यापारी दृष्टीने बिनचूक वाटला. चंदनबाई संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत जेवायच्याच. आता दुसऱ्या दिवशी स्थानकातून परत येईपर्यंत, म्हणजे अकरा वाजेपर्यंत, तोंडात काही घालायचं नाही असं ठरलं.

आणि चंदनबाई स्थानकात गेल्या.

बायांनी मोठ्या मायेने जागा करून दिली. त्या हळूहळू बसल्या, डावा हात पदराखालून पोटावर दाबून धरला, आणि डोळे मिटले. मधूनच पोटात गुदगुली झाल्यासारखं वाटायचं. नणंदबाईंना कंठ फुटणार, हे तेवढ्यावरून कळायचं. तसं वाटलं की त्या जोरात खोकायच्या. खोकून खोकून घसा बसला. उपाशीपोटी चेहरा उतरला. प्रवचनानंतर प्रभावना म्हणून लाडू वाटायचे, तो त्या हात जोडून नाकारायच्या. पायऱ्यांवर त्या सुखाने बसायच्या, सगळं ऐकायच्या, पण कुणी घरी चहाला चला म्हटलं की, "आज नको," म्हणून उठायच्या.

हे सगळं बघत होत्या कंचनबाई. महिला मंडळाच्या अध्यक्ष. चातुर्मासात कुणाचं काय तप चाललंय, कुणी किती उपवास केले, कुणाचा मधेच मोडला, ह्याची त्यांना खडान्‌खडा माहिती. धुण्याभांड्याला दोन्ही घरी नंदाबाईच यायच्या. कंचनबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "लुणियांकडं नाश्त्याला काय असतं गं आजकाल?"

"बाकीच्यांचं असतं की. मोठ्या बाईंची ताटली मात्र रोज कोरडीच," नंदाबाई म्हणाल्या. "रुचीताईला मी इचारलं बी. तर त्या म्हणल्या, 'मम्मीजी आता काही घेत न्हाईत.' आन् डोळं मोठं करून गप म्हणल्या मला."

नंदाबाई साडेनऊला काम उरकून जायच्या. अकरा वाजता चंदनबाई परत येऊन काय काय घेतात, हे बघायला त्या नसायच्या.

कंचनबाईंना एकदम उमगलं. चेहरा उतरलेला, आवाज बसलेला, हात पोटावर, प्रभावना घेत नाहीत, सून गप्प बसायला सांगते. ही तर गुप्त तपस्या! आपल्यात अशी माणसं असतात. गाजावाजा नको म्हणून मनातल्या मनात व्रत घेतात आणि नुसत्या उकळलेल्या पाण्यावर दिवसांमागून दिवस काढतात. अशा माणसाला तोंडावर विचारणं मोठं पाप. त्यामुळे कंचनबाईंनी चंदनबाईंना सोडून बाकी सगळ्यांना विचारलं. कुणी म्हणालं पाच उपवास झाले असतील. कुणी म्हणालं सात. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला बातमी पोचेपर्यंत अठाई झाली होती, म्हणजे आठ दिवसांचा उपवास. कॅन्सरमधून उठलेल्या बाईने अठाई केली! बायांच्या अंगावर काटा आला.

शुक्रवारी दिवस मावळायच्या जरा आधी चंदनबाई स्वयंपाकघरात जेवायला बसल्या होत्या. मुगाची खिचडी, तूप, दही. पहिले दोन घास झाले, तिसरा मोठा घास तोंडात गेला, आणि दारात ढोलकी वाजली. तपस्वीच्या घरी जाऊन गीतं म्हणायची पद्धत असते. पंधरा-वीस बाया, पुढे कंचनबाई, हातात कुंकवाचं ताट, आणि मागे "धन्य धन्य"चा गजर.

सुवालालजींनी दार उघडलं आणि दारातच खांबासारखे उभे राहिले. बाया त्यांना वळसा घालून आत आल्या. रुचीने झटकन खिचडीचं ताट उचललं आणि दुसरी जागा न सुचल्याने फ्रिजवर ठेवलं. चंदनबाई उठून बाहेर आल्या. तोंडात घास तसाच. गरम. गिळावा तर घशात अडकेल, थुंकावा तर कुठे? त्यांनी ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले आणि हात जोडले.

"मौन पण आहे!" कंचनबाई गहिवरून म्हणाल्या.

गाणं सुरू झालं. घास जीभ भाजत होता. चंदनबाईंच्या डोळ्यातून खरंखुरं पाणी वाहू लागलं, ते बघून दोघीतिघींनी पदर डोळ्याला लावले. अशात नणंदबाईंनीही सूर लावला. पण ढोलकीवाली बाई जोशात होती, आणि तिला वाटलं कुणी तरी ताल धरला. तिने आणखी जोरात थाप मारली. रुची तोंडात ओढणी कोंबून स्वयंपाकघराच्या दाराआड बसकण मारून बसली होती.

जाताना कंचनबाई सुवालालजींना हळूच म्हणाल्या, "रविवारी स्थानकात, सगळ्या संघासमोर सन्मान ठेवलाय. न्हाई म्हणायचं न्हाई. गुप्त तपस्या तुमची, पण अनुमोदनेचा हक्क आमचा."

बाया गेल्या. चंदनबाईंनी घास गिळला. पहिलं वाक्य निघालं ते, "अहो, तोंडानं सांगता येत न्हव्हतं तुम्हाला?"

"मला वाटलं वर्गणी मागायला आल्या," सुवालालजी म्हणाले.

रुचीने हसून झाल्यावर साधना सिस्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या, "अहो काकू, उपाशी कशाला राहता? रिकाम्या आतड्यात वारा उलट जास्त होतो. वेळेवर थोडं थोडं खा, नीट चावून खा. आणि खाताना बोलू नका, बोलताना हवा आत जाते."

"बोलायचं न्हाई?" चंदनबाई म्हणाल्या. "मंग त्याच्यापेक्षा उपाशी परवडलं."

पण मनातून त्या खचल्या. इतके दिवस जी भूक काढली ती फुकटच, वर पाप पदरी. रात्रभर विचार करून त्यांनी ठरवलं, की रविवारी मुकाट्याने शाल घ्यायची, सगळ्यांसमोर लाडू खाऊन टाकायचा. लोक म्हणतील, तपाचं पारणं झालं. संपला विषय. पुढे रोज वेळेवर खायचं आणि आपल्या जागी जाऊन बसायचं. शाल घेतल्याचा दोष लागेल, पण त्याचं प्रायश्चित्त देवासमोर एकटीने करता येतं. थैलीचं सांगितलं तर ते सगळ्यांसमोर असतं.

"मम्मीजी, सांगून टाका," रुची म्हणाली.

"तू गप. तुला काय जातंय? तुझं सगळं जिथल्या तिथं आहे."

रविवारी स्थानक भरलं होतं. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया, समोर पाटावर महासतीजी. वयाने तिशीच्या पुढेमागे, चष्मा लावलेल्या, शांत. चंदनबाईंना पुढे बसवलं होतं. संघाचे मंत्री पारसमलजी शाल घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या संघात तपस्वीचा सन्मान पैशाच्या बोलीवर होत न्हाई, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तपाचा मान तपानंच. जो जास्त उपवासाची बोली बोलंल, त्याच्या हातनं शाल. बोला!"

ही रीत चंदनबाईंना चांगली ठाऊक होती. आजवर त्यांनी स्वतः अशा बोल्या बोलल्या होत्या. पण शालीच्या आणि लाडवाच्या विचारात ती त्यांच्या पार डोक्यातून गेली होती.

"एक उपवास," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन!"

"तीन," कंचनबाई म्हणाल्या, आणि आजूबाजूला पाहिलं.

"पाच!" हे पुरुषांतून आलं. चंदनबाईंनी मान वळवून पाहिलं. गोळ्या खाऊन दिवस काढणारे, साखरेच्या आजाराचे एक म्हातारे काका.

कंचनबाईंनी कोपराने शेजारी टोचलं. शेजारी त्यांची सून शिखा होती, मांडीवर तान्हं बाळ. शिखाने सासूकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि बारीक आवाजात म्हणाली, "अठाई."

"अठाई! अंगावर पाजणाऱ्या आईनं अठाई बोलली! अठाई एक, अठाई दोन..."

"थांबा!" चंदनबाई उठल्या. उशी आसनासकट पायात आली, त्या डगमगल्या, सावरल्या. "कुणी कायबी करू नका. माझी अठाई न्हाई. एक उपवास सुद्धा न्हाई. मी काल खिचडी खाल्ली. परवा पण खिचडीच होती, ह्या बाया आल्त्या तवा माझ्या तोंडात होती, मौन-बिवन काही न्हव्हतं. त्याच्या आदल्या दिवशी गट्ट्याची भाजी. त्याच्या आधीचं रुचीला विचारा, तिच्या ध्यानात आहे."

पारसमलजींनी उचललेली शाल खाली घेतली.

"मी सकाळी खात न्हव्हते ते आवाज होऊ नये म्हणून," चंदनबाई म्हणाल्या. "माझी शौचाची जागा ऑपरेशनमधे काढून टाकली. पोटावर नवी केली. तिच्यावर थैली असती. रात्रंदिवस. मी ती लावून रोज इथं येऊन बसले, तुम्हाला कुणाला सांगितलं न्हाई. महासतीजी, ते चालतं का न्हाई मला ठाव न्हाई. चालत नसंल तर तसं सांगा. मी घरी बसंन. पण ह्या पोरीला उपाशी ठेवू नका."

एवढं बोलून त्या थांबल्या. एवढ्या माणसांची ती शांतता त्यांच्या सगळ्या तालमींपेक्षा मोठी होती. आणि नणंदबाई अशी संधी सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या बोलल्या. आधी बारीक, मग जरा ठसक्यात, आणि शेवटी प्रश्न विचारल्यासारखं वर नेऊन सोडलं.

चंदनबाईंनी खाली बघत पोटाकडे हात केला. "हीच ती."

महासतीजींची मुहपत्ती हलली. पुन्हा हलली. त्यांचे खांदे थरथरू लागले, चष्मा घसरला, आणि लोकांच्या लक्षात आलं की महासतीजी हसू आवरत आहेत आणि ते त्यांना जमत नाहीये. मग काय, बायांच्या बाजूने एक खुदकन, पुरुषांच्या बाजूने एक फिस्स, आणि सगळं स्थानक हसायला लागलं. चंदनबाईंनी घाबरून वर पाहिलं. कुणी नाक मुरडलेलं नव्हतं. कंचनबाईंनी तेवढं मुरडलेलं होतं, पण ते अपमानाने.

हसू ओसरल्यावर महासतीजींनी चष्मा नीट केला. "थैली बंद असते ना?"

"अगदी बंद. वास पण न्हाई येत. आत काहीतरी जाळी असती त्याला."

"मग बसा की. आठवडाभर मी इथे सांगते आहे, की हे शरीर म्हणजे मळाची पिशवी आहे, त्याचा गर्व करू नका. तेव्हा कुणी उठून गेलं नाही. तुम्हीच कशाला जाता?"

चंदनबाई बसल्या. रुचीने येऊन पायात आलेली उशी खाली सरकवली.

शिखाची बोली महासतीजींनी तिथेच सोडवली, म्हाताऱ्या काकांचीही. चुकीच्या माहितीवर बोललेली बोली कुणाला बांधत नाही, असं त्या म्हणाल्या. पारसमलजी अजून शाल धरून उभे होते. "मंग हिचं काय करायचं?"

"इकडं द्या," पुरुषांतून सुवालालजी म्हणाले. "माझ्याच दुकानची आहे. घडी मोडली न्हाई तोवर परत घेतो."

त्या दिवशी पायऱ्यांवरची दहा मिनिटं तासभर चालली. बायांनी चंदनबाईंना घेरलं. रात्री झोपताना कसं? एसटीत कसं? साडी कुठून बांधतेस? एकीने थैलीला हात लावून बघू का विचारलं, चंदनबाई म्हणाल्या, "बघ, पण दाबू नको, लाजती ती." मग दुसरीने आवाज खाली करून सांगितलं, की तिला शिंक आली की साडी बदलावी लागते, तीन मुलांनंतर असंच आहे. तिसरी म्हणाली, शिंकेचं काय घेऊन बसलीस, मला नुसतं हसलं तरी. आणि हे ऐकून सगळ्या हसल्या, त्यामुळे ती घाईने घरी गेली.

कंचनबाई मात्र फुगून बसल्या होत्या. "दारात येऊन एवढी गाणी म्हटली मी. ढोलकीवाली सांगून आणली."

"गाणी चांगलीच होती," चंदनबाई म्हणाल्या. "घास तेवढा गरम होता."

"शिखाचं सोड. माझी तीन उपवासांची बोली मी मागं घेणार न्हाई. बोलले म्हंजे बोलले."

"कशाला गं? कुणासाठी?"

"माझ्यासाठी. लोकांनी म्हणायला नको, की कंचनबाईंनी चंदनबाईच्या खिचडीवर उपवास सोडला."

आणि त्यांनी खरोखरच धरला.

तिसऱ्या दिवशीची सामायिक. चंदनबाई सकाळी मुगाची दोन धिरडी खाऊन आल्या होत्या, एक अक्षर न बोलता, बारीक चावून. घरात ते एवढं नवल होतं की अंकित दुकानाला जायचा थांबून बघत बसला होता. नणंदबाई तृप्त होत्या, झोपल्यासारख्या. चंदनबाईंनी पोटावरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी मन खाली खाली, तळाला जाऊ दिलं.

तेवढ्यात कुठेतरी गुरगुर झाली. लांबलचक, खोल, धान्याच्या मोंढ्यातल्या रिकाम्या गाडीची चाकं फरशीवरून जावीत तशी. सगळ्या बायांनी डोळे किलकिले करून चंदनबाईंकडे पाहिलं, आणि मोठ्या समजूतदारपणे पुन्हा मिटले.

चंदनबाईंनी डोळे उघडून बाजूला पाहिलं. कंचनबाई पुतळ्यासारख्या बसल्या होत्या. ओठ सुकलेले, कान लाल, हात पोटावर घट्ट. पोट पुन्हा गुरगुरलं.

सामायिकीत बोलता येत नाही. चंदनबाईंना हे एरवी कधी इतकं जड गेलं नव्हतं.

वेळ संपली. मुहपत्त्या सुटल्या. पायऱ्यांवर एकीने प्रेमाने विचारलं, "चंदनबाई, आज तुमची नणंद लईच बोलून राह्यली."

कंचनबाई खाली बघून चपलेचा पट्टा लावू लागल्या. पट्टा कधीचाच लागलेला होता.

"हो बाई," चंदनबाई म्हणाल्या. "धिरडी खाल्ली ना सकाळी. तिला मानवली न्हाईत."

कंचनबाईंनी वर पाहिलं. दुसऱ्या दिवशी पारणं झाल्यावर त्यांनी मुगाच्या शिऱ्याचा डबा पाठवला, नंदाबाईंच्या हाताने, आणि डबा परत येताना रिकामा नसावा हा नियम चंदनबाईंनी पाळला.

पण त्या दिवशी खरं कुणाचं पोट बोललं, ही बातमी तर पसरतेच. बायांच्या हळूहळू ध्यानात आलं, की चंदनबाईंच्या आसपास बसलं की आपलं पोट काय बोलेल ह्याची काळजी करावी लागत नाही. संशय जातो तो ठरलेल्या ठिकाणी जातो, आणि ते ठिकाण कधी नाही म्हणत नाही. शिंकेवाली आली, हसण्यावाली आली, एक आजी तर घरून मुळीच न घाबरता हरभरे खाऊन येऊ लागल्या. आता चंदनबाई स्थानकात पोचतात तेव्हा त्यांच्या दोन्ही बाजूंची आसनं आधीच अंथरलेली असतात, आणि कधी कधी तर त्यांना स्वतःलाच म्हणावं लागतं, "अगं बायांनो, जरा सरका की. मला आन् माझ्या नणंदेला बसू द्या."